टॅक्सचं ऑफिस की ऑडिटची फर्म? नागपुरात आर्टिकलशिप घेताना

सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले, आयटी आणि ओरिएंटेशनचे कोर्स उरकले, आता आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीसाठी, बर्डी-धंतोली-रामदासपेठेत बायोडाटा देत फिरणं सुरू. समोर साधारण दोनच प्रकार येतात. एक, इतवारी-गांधीबागच्या व्यापाऱ्यांची कामं करणारं एकाच साहेबांचं टॅक्स ऑफिस. दुसरी, पाच-सात पार्टनरांची, बँका आणि कंपन्यांच्या ऑडिटवर चालणारी फर्म. स्टायपेंड बघून ठरवू नका; माझ्या पाहण्यात दोन्हीकडचा फरक पेट्रोलपुरताच निघतो.

फरक पडतो तो संध्याकाळींचा. जुलै 2023 पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप तीनवरून दोन वर्षांवर आली आणि सुट्या वर्षाला 12, म्हणजे एकूण 24 झाल्या. फायनलची परीक्षा आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी, म्हणून ‘अभ्यास तेव्हाच करू’ असं बरेच जण म्हणतात. पण त्याआधी सेल्फ-पेस्डचे, म्हणजे स्वतः शिकून परीक्षा द्यायच्या विषयांचे, चार सेट काढावे लागतात, प्रत्येकात 50 टक्के हवेत. आणि फायनलचे सहा पेपर पहिल्यांदा वाचायचे आणि उजळायचेही, हे सहा महिन्यांत बसत नाही.

शिकायला टॅक्स ऑफिसात जास्त मिळतं, यात वाद नाही. बिलापासून रिटर्नपर्यंत फाइल एकाच हातात असते. महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आलं की खरेदी रजिस्टरशी जुळवायचं. सप्लायरने बिल नंबर ‘24-25/0017’ टाकलेला असतो, टॅलीत नुसती ‘17’ची एंट्री, एक्सेल दोन्ही वेगळी धरतं. म्हणून शेवटच्या स्लॅशपुढचा भाग घ्यायचा, त्याच्या सुरुवातीची शून्यं उडवायची, त्याला जीएसटी नंबर जोडायचा आणि मग जुळवायचं. रकमेतला रुपयाभराचा फरक सोडून द्या. तरीही जे उरतं त्यात बहुतेक तीनच भानगडी असतात. सप्लायरने जीएसटीआर-1 (विक्रीचा रिटर्न) 11 तारखेनंतर भरला असेल तर बिल पुढच्या महिन्यात दिसेल. त्याने बिल बी2सीत, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत, टाकलं असेल तर वाट बघून उपयोग नाही, फोन करून दुरुस्ती मागावी लागते. किंवा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) त्याच्याकडे आहे आणि आपल्या पार्टीने पुस्तकात घेतलेलीच नाही. हे तिन्ही झटकन ओळखू लागलात की 20 तारखेच्या 3बीचं, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या रिटर्नचं, निम्मं काम झालं. पुढे वर्धा-यवतमाळकडे स्वतःची प्रॅक्टिस टाकायची असेल तर हीच शिदोरी कामी येते.

मग अडतं कुठे? साहेबांच्या वेळेत. दिवसभर ते आयकर भवनात, जीएसटी ऑफिसात किंवा पार्टीकडे. परततात साडेसहाला. चहा होतो, दोन फोन होतात आणि सातच्या सुमारास हाक येते, ‘‘आण रे ती फाइल.’’ फाइल चार वाजल्यापासून तयार असते. तपासताना दोन शंका निघतात, पार्टीला फोन लागतो, पार्टी दुकान वाढवण्याच्या गडबडीत. नऊ कधी वाजले कळत नाही. गंमत म्हणजे काम फार असतं असंही नाही. नियमात आठवड्याला 35 तास आहेत आणि रिकामी दुपार वजा केली तर हिशेब तेवढ्याच्या आसपास येत असेल. पण दुपारी डेस्कवर बसून फायनलचं एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) होत नाही, आणि संध्याकाळची बॅच तर रोजच हुकते. मला वाटतं, हे एकच कारण पुरेसं आहे. तुमचे साहेब सकाळी दहाला रिव्ह्यू घेणारे असतील तर हा सगळा परिच्छेद खोडून टाका.

ऑडिट फर्मबद्दल उलटी भीती असते: गोंदियाची राइस मिल, यवतमाळचं जिनिंग, चंद्रपूरची शाखा; बाहेरगावी गेलं की अभ्यास बुडाला. माझा अनुभव वेगळा आहे. क्लायंटचा अकाउंटंट सहाला उठतो, स्टोअरला कुलूप लागतं, आणि तुम्हाला काही करायचं म्हटलं तरी कागद कुणी देत नाही. जेवणापर्यंतचे दोन-अडीच तास लॉजवर आपले. फक्त अख्खं पुस्तक न नेता पेपरचं एकच मॉड्यूल सुटं करून न्या. एप्रिलच्या सुरुवातीचं बँक ऑडिट आणि टॅक्स ऑडिटच्या 30 सप्टेंबरच्या आधीचे तीन आठवडे मात्र विसरा. ते दोन्हीकडे सारखेच जातात.

इथला खरा दोष म्हणजे साचा. गेल्या वर्षीची वर्किंग फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, व्हाउचिंग (नोंदी बिलांशी पडताळणं) करायचं, बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवायची. वर्षभर हेच हाती राहू शकतं. यातून सुटायचं तर बँक ऑडिटमध्ये ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे स्टॉक आणि येण्यांवर कर्जदाराला किती उचल करता येते त्या हिशेबाचं, काम स्वतःहून मागून घ्या. समजा मिलचा स्टॉक 80 लाख, मालाची देणी 30 लाख; पेड (पैसे चुकते केलेला) स्टॉक 50. मंजुरीपत्रात 25 टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो भाग) असेल तर स्टॉकवर 37.5 लाख. येणी 90 दिवसांपलीकडची असतील तर ती वगळूनच पुढे जोडायची. मंजुरीपत्र आधी वाचा, कारण मार्जिन आणि दिवस खात्यागणिक बदलतात. आणि स्टॉक स्टेटमेंटची तारीख बघा: तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवरची उचल अनियमित धरतात, आणि ती तशीच सलग 90 दिवस राहिली तर खातं एनपीएत (थकीत कर्जात) जातं. शाखा व्यवस्थापक इथेच गोड बोलू लागतो.

घरचीच प्रॅक्टिस असेल किंवा पुढे ती टाकायची पक्की असेल, तर टॅक्स ऑफिस वाईट नाही. फायनल पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात काढणं हेच ध्येय असेल तर मी ऑडिट फर्मकडे झुकेन. मुलाखतीत ‘काम काय असतं’ विचारून काही कळत नाही. खाली चहाच्या टपरीवर तिथल्याच आर्टिकलला गाठा आणि विचारा, ‘‘रिव्ह्यू किती वाजता होतो?’’ हे फॉर्म 103च्या, म्हणजे आर्टिकलशिपच्या नोंदणीच्या अर्जाच्या, आधी करा. तो रुजू झाल्यापासून 30 दिवसांत जातो, आणि पहिलं वर्ष उलटल्यावर ट्रान्सफरला ठोस कारण लागतं. ‘साहेब उशिरा येतात’ हे त्यात बसत नाही.