पेटंटची नोटीस आली: लढायचं, पेटंटच उडवायचं, पैसे द्यायचे की कोड बदलायचा?

चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या छोट्या कंपनीला अमेरिकेतून पेटंटची नोटीस आली की सगळ्यात आधी वाद सुरू होतो तो ‘आपण कुठे कॉपी केलंय?’ यावर. रागावणं समजण्यासारखं आहे, पण पेटंटच्या कायद्यात त्याने फारसं काही हलत नाही. तुम्ही कोणाचंही न बघता, स्वतःच्या डोक्याने तीच पद्धत शोधली असली तरी उल्लंघन होतंच. माहीत असून मुद्दाम केलं असं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते, कॉपीचा प्रश्न येतो तो मुख्यतः तिथे. आधी बघायचं ते एवढंच: नोटीस पाठवणारा कोण आहे, आणि पेटंटच्या क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर आहे ते सांगणाऱ्या कलमांत, नेमके शब्द काय आहेत. पुढचे चार रस्ते, म्हणजे कोर्ट, पेटंट बोर्ड, परवाना आणि डिझाइनमधला बदल, कोणाला किती परवडतील हे त्यावरून ठरतं.

समोर कोण आहे

फेसटेकने २०२१ मध्ये आयप्रूव्हवर नेवाडात खटला भरला. विषय होता लाइव्हनेस, म्हणजे कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे की फोटो, व्हिडिओ किंवा मुखवटा, हे ओळखणं. २०२४ मध्ये याच फेसटेकने कॅलिफोर्नियात जुमिओला कोर्टात खेचलं, आणि जुमिओ ही तिची माजी ग्राहक. ही झाली धंद्यातल्या स्पर्धकांची भांडणं. इथे वादीला पैशापेक्षा तुमचं उत्पादन बाजारातून हटलेलं जास्त हवं असतं, आणि खटल्याची बातमी तुमच्या ग्राहकांच्या कानावर जाईल याची सोयही आपोआप होते.

२०१२ मध्ये टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यात ब्लू स्पाइकने जे केलं तो प्रकार वेगळा. ‘सिग्नल’चं सार काढून ताडून पाहण्याची मोघम पेटंटं हातात घेऊन तिने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सपासून गाणी ओळखणाऱ्या आणि बायोमेट्रिक्सवाल्या कंपन्यांपर्यंत अनेकांना एका झटक्यात प्रतिवादी केलं. अशा वादीला तुमचं उत्पादन बंद पडण्यात रस नसतो. खटला लढण्याच्या खर्चापेक्षा कमी आकडा सांगायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं, हा त्या धंद्याचा हिशेब असतो.

या फरकाचे परिणाम सरळ आहेत. ईबे प्रकरणातल्या २००६ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उल्लंघन सिद्ध झालं की मनाई हुकूम ठरलेलाच, असं राहिलं नाही. स्वतः काहीच न विकणाऱ्या वादीला तो मिळणं अवघड आहे, स्पर्धकाला मात्र मिळू शकतो. उलट स्पर्धकावर तुम्ही तुमच्या पेटंटने प्रतिदावा करू शकता. जो काही बनवतच नाही, त्याच्यावर कसला करणार?

क्लेम वाचा, बाकीचं नंतर

पेटंटचं नाव, गोषवारा, आकृत्या हे सगळं बाजूला ठेवा. हक्क असतो तो शेवटी क्रमांक घालून दिलेल्या क्लेमपुरता. लाइव्हनेसच्या क्लेमची एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीची रचना घ्या: (एक) फोनच्या कॅमेऱ्याने ठरावीक अंतरावरून चेहऱ्याची प्रतिमा घेणं; (दोन) फोन जवळ आणायला लावून दुसरी प्रतिमा घेणं; (तीन) जवळून घेताना नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात तशी विकृती दोन्ही प्रतिमांत अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहणं; (चार) नोंदवलेल्या चेहऱ्याशी जुळवणं. उल्लंघन ठरायला चारही घटक हवेत. तुमचं ॲप एकच प्रतिमा घेत असेल आणि स्क्रीनवरून टाकलेल्या रंगीत प्रकाशाचं परावर्तन तपासत असेल, तर दुसरा आणि तिसरा घटक गळतो. मग नोटिशीत कितीही मोठ्या भाषेत ‘चेहऱ्याद्वारे सुरक्षित पडताळणी’ लिहिलेलं असो.

‘समतुल्य’ घटकाचा, म्हणजे शब्दशः तोच नसला तरी तेच काम तसंच करणाऱ्या घटकाचा युक्तिवाद वादी करू शकतो हे खरं. त्यावर उतारा बहुतेक वेळा पेटंट कार्यालयाच्या फाइलमध्येच सापडतो. पेटंट मिळवताना अर्जदाराने परीक्षकाला काय काय सोडून दिलं, कोणता शब्द घालून क्लेम आकुंचित केला, ते सगळं तिथे असतं. तेव्हा सोडलेलं आज समतुल्यतेच्या नावाखाली सहसा परत मागता येत नाही. ही फाइल ऑनलाइन, फुकट वाचता येते. वकिलाला फोन करण्याआधी तुमच्या तंत्रज्ञाने ती वाचलेली असेल तर पहिल्याच बैठकीचं बिल निम्म्यावर येईल.

कोर्ट की पेटंट बोर्ड

खरी तुलना या दोघांत आहे. तिसरा आणि चौथा रस्ता यांच्या सावलीतच चालतो.

कोर्टात पेटंट वैध आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते अवैध ठरवायला ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुरावा लागतो. आयफोरआय प्रकरणात मायक्रोसॉफ्टने ही पायरी खाली आणायचा प्रयत्न केला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. अमेरिकी पेटंट कार्यालयातल्या पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाकडे, धंद्यातल्या भाषेत पीटॅबकडे, पारडं थोडं जरी तुमच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. कोर्टात ज्युरी बसते, तर पीटॅबमध्ये तंत्रज्ञान कळणारे तीन पेटंट न्यायाधीश. कोर्टात तुमचा सोर्स कोड समोरच्याचा तज्ज्ञ बंद खोलीतल्या, नेटशी न जोडलेल्या संगणकावर ओळ न् ओळ वाचतो. पीटॅबमध्ये वाद पेटंटचा असतो, तुमच्या उत्पादनाचा नाही, त्यामुळे कोड दाखवायचा प्रश्नच सहसा येत नाही. कोर्टाचा खर्च निकालापर्यंत गेलात तर दशलक्ष डॉलरच्या भाषेत बोलावा लागतो. पीटॅबच्या इंटर पार्टीज रिव्ह्यूची, म्हणजे दिलेलं पेटंट पुन्हा तपासून रद्द करण्याच्या कार्यवाहीची, सरकारी फीच दोन टप्पे मिळून ५० हजार डॉलरच्या वर आहे, त्यावर वकील आणि तज्ज्ञ वेगळे. तरीही फरक मोठा आहे. वेळ म्हणाल तर अर्ज दाखल केल्यापासून सुनावणी घ्यायची की नाही हे साधारण सहा महिन्यांत ठरतं आणि त्यापुढे वर्षभरात निकाल लागतो.

चेहरा ओळखण्याच्या क्षेत्राला पीटॅब विशेष मानवण्याचं कारण म्हणजे इथली जुनी, छापील, तारीख असलेली संशोधनाची रास. कानादे यांचा प्रबंध १९७३ चा, टर्क आणि पेंटलंड यांचं आयगनफेसवरचं काम १९९१ चं, व्हायोला-जोन्स पद्धत २००१ ची, फेसबुकचं डीपफेस २०१४ चं, गूगलचं फेसनेट २०१५ चं. २०१६ चा अर्ज ‘न्यूरल नेटवर्कने चेहऱ्याचा वेक्टर (आकड्यांची यादी) काढून अंतर मोजणं’ असा मोघम क्लेम करत असेल, तर त्याची झोप उडवायला शेवटचे दोन पेपर पुरेसे आहेत. फक्त अर्जाची नुसती तारीख बघू नका. आधीच्या कोणत्या अर्जाचा आधार घेऊन त्याने अग्रक्रमाची तारीख मागे नेली आहे, ते बघा. सॅमसंगवर २०१६ मध्ये इमेज प्रोसेसिंग टेक्नॉलॉजीजने टेक्सासमध्ये खटला भरला तेव्हा सॅमसंगने पीटॅबचंच दार ठोठावलं आणि काही क्लेम तिथे पडले.

पीटॅबच्या अटी मात्र जाचक आहेत. खटल्याची बजावणी झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावाच लागतो. आधार फक्त जुनी पेटंटं आणि छापील प्रकाशनं. बाजारात दहा वर्षांपूर्वी विकलं गेलेलं एखादं यंत्र किंवा तुमचंच जुनं सॉफ्टवेअर तिथे स्वतंत्र आधार म्हणून चालत नाही. आणि अंतिम निकालात हरलात तर तिथे मांडलेले, किंवा मांडता आले असते असे मुद्दे कोर्टात पुन्हा उचलता येत नाहीत. त्यात २०२५ पासून हे दार बरंच अरुंद झालंय. समांतर खटला लवकर सुनावणीला येणार असेल किंवा पेटंट देऊन बरीच वर्षं उलटली असतील, तर अर्जातला मुद्दा कितीही भक्कम असला तरी तो विवेकाधिकारात फेटाळला जाण्याची शक्यता वाढली आहे. ‘नोटीस आली की आधी पीटॅब’ हा सल्ला दहा वर्षांपूर्वी शहाणपणाचा होता, आज तो डोळे झाकून देणारा वकील मी तरी बदलेन. फेरतपासणीचा एक स्वस्त मार्गही आहे. तो केव्हाही, वकिलाच्या नावाने स्वतः पडद्याआड राहून वापरता येतो आणि हरल्यावर तोंड बंद होत नाही. पण अर्ज दिला की पुढचा संवाद पेटंटधारक आणि परीक्षक यांच्यातच चालतो, तुम्ही बाहेर.

कोर्टाच्या बाजूने एक हुकमी पान आहे: २०१४ चा ॲलिस निकाल. अमूर्त कल्पनेला संगणकाची जोड दिली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही, हा मुद्दा पीटॅबच्या या रिव्ह्यूमध्ये मांडता येत नाही. कोर्टात मात्र तो अगदी सुरुवातीला मांडता येतो, आणि लागला तर कोड दाखवायच्या आधीच खटला संपतो. २०२१ मध्ये युनिव्हर्सल सिक्युअर रजिस्ट्रीची ओळख-पडताळणीची पेटंटं ॲपलविरुद्ध याच मुद्द्यावर अपील न्यायालयात कोसळली. एप्रिल २०२५ च्या रिसेंटिव्ह निकालाने तर प्रस्थापित मशीन लर्निंग नव्या प्रकारच्या डेटावर लावलं एवढ्यावर पेटंट टिकत नाही असं म्हटलं. उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. २०१६ च्या मॅक्रो प्रकरणात ॲनिमेशनमधल्या चेहऱ्यांच्या ओठांच्या हालचालीचं पेटंट टिकलं, कारण क्लेममध्ये विशिष्ट नियम लिहिलेले होते. क्लेम जितका मोघम तितका ॲलिसचा फास घट्ट. मात्र तो जितका बारकाईने लिहिलेला, तितकं कोडमध्ये त्याला वळसा घालणं सोपं.

एक गोष्ट परदेशी कंपन्या हमखास विसरतात. २०१७ च्या टीसी हार्टलँड निकालाने वादीला मनपसंत जिल्हा निवडण्यापासून रोखलं, पण ते संरक्षण अमेरिकन कंपन्यांना आहे. अमेरिकेबाहेर नोंदणी असलेल्या कंपनीवर कुठल्याही जिल्ह्यात खटला भरता येतो.

परवाना

परवाना घेणं म्हणजे शरणागती, असं मानायचं कारण नाही. एमआयटीला आयगनफेस पद्धतीचं पेटंट १९९२ मध्ये मिळालं आणि व्हायसेज कंपनीने त्याच्या परवान्यावर आपला धंदा उभा केला. एक्सपेरीच्या फोटोनेशनने २०१७ मध्ये सॅमसंगवर खटला भरला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तडजोड होऊन परवान्याचे करार झाले. बडे खेळाडूही शेवटी इथेच येतात, फक्त वकिलांवर बरंच उधळून.

करारात आकड्यापेक्षा व्याप्ती महत्त्वाची. मागच्या विक्रीची माफी आहे का? तुमच्या ग्राहकांना संरक्षण आहे का? आणि सगळ्यात मोठी मेख: एकाच मूळ अर्जातून पुढे निघालेली पेटंटं त्यात येतात का? लाइव्हनेसमध्ये एकेका कल्पनेचं अख्खं कुटुंब असतं. एकाच क्रमांकाचा परवाना घेतलात तर वर्षभराने त्याचं भावंड दारात उभं राहील. रॉयल्टीची शेवटची तारीखही बघा. पेटंट संपल्यानंतरची रॉयल्टी वसूल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये किंबल प्रकरणात पुन्हा बजावलं आहे.

डिझाइन बदलणं

माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा पर्याय हाच. बाकीचे तिघे तारखांवर चालतात, हा तुमच्या हातात असतो. तो मागचं देणं मिटवत नाही, भरपाई सहा वर्षं मागेपर्यंत मागता येते. पण पुढचा मीटर थांबतो, आणि मुद्दाम उल्लंघन चालू ठेवल्याचा आरोप लंगडा पडतो.

त्याची किंमत प्रोग्रामरच्या तासांत मोजू नका. लाइव्हनेसची पद्धत बदलली की आयएसओ ३०१०७-३ या फसवणूक ओळखण्याच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे केलेली प्रयोगशाळेतली चाचणी बहुधा पुन्हा करावी लागते, आणि बँकेसारखा ग्राहक तिच्या अहवालाशिवाय नवी आवृत्ती घेत नाही. खरा वेळ तिथे जातो. सर्व्हर अमेरिकेबाहेर हलवण्याची क्लृप्तीही अर्धवटच. पद्धतीच्या क्लेमसाठी सगळ्या पायऱ्या अमेरिकेत व्हाव्या लागतात हे २००५ च्या एनटीपी विरुद्ध रिम (ब्लॅकबेरीची कंपनी) निकालाने ठरलं, पण त्याच निकालात प्रणालीचा क्लेम मात्र लागू पडला, कारण वापरणारा अमेरिकेत होता.

कधीकधी नुसतं थांबणंही डिझाइन ठरतं. प्रतिमेतले ठळक बिंदू शोधणाऱ्या सिफ्ट पद्धतीचं पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरने ती लगेच मुख्य संचात घेतली.

कोणी काय निवडावं

मोघम, जुनं पेटंट आणि काहीच न बनवणारा वादी असेल तर घाईने परवाना घेऊ नका. वकिलाकरवी ॲलिसचा मुद्दा आणि जुने पेपर जोडलेलं एक कडक उत्तर पाठवा, मग आकडा किती खाली येतो ते बघा. तोही खटल्याच्या सुरुवातीच्या खर्चापेक्षा कमी झाला तर देऊन टाका, तत्त्व वगैरे नंतर. स्पर्धक असेल आणि क्लेम नेमका असेल तर पहिल्या आठवड्यातच डिझाइन बदलायला घ्या. ताजं पेटंट आणि हातात तारखेनिशी भक्कम पेपर असेल तर सोबत पीटॅब. पूर्ण खटला लढणं त्यांनाच परवडतं ज्यांचं उत्पादन बदललं तर धंदाच उरत नाही.

आणि कोणताही रस्ता घ्या, आधी तुमचे विक्री करार उघडा. ग्राहकावर खटला आला तर त्याचा खर्च आम्ही सोसू, असं कलम बहुतेक मोठे ग्राहक लिहून घेतात. त्यावर कमाल मर्यादा नसेल, तर वाटाघाटीत तुमची देणेदारी तुमच्या नव्हे, त्यांच्या उलाढालीवर मोजली जाईल, आणि समोरच्या वकिलाला हे तुमच्या आधी सुचलेलं असेल.