निधन वार्तेतला माझा नंबर आणि गेलेले 1,20,410 रुपये

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा आम्ही पेपरात निधन वार्ता दिली. नाव, वय 71, प्रेसमधून निवृत्त, राहणार जेलरोड, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी. दशक्रिया विधी सकाळी 8 वाजता रामकुंडावर. खाली संपर्कासाठी माझा मोबाइल नंबर. नाशकात सगळेच असं देतात. चोराला हवी असलेली माहिती आम्ही पैसे भरून छापून आणली.

तेरावं झालं आणि फोन आला. विमा नियामक कार्यालयातून बोलतोय म्हणे. अण्णांची बंद पडलेली पॉलिसी आहे, बोनस धरून 6,42,000 रुपये होतात, आत्ता दावा केला नाही तर रक्कम सरकारजमा होईल. पुढचा प्रकार तुम्ही ऐकलेलाच असेल.

मला विचारतात, पतसंस्थेत हिशेब बघणारी बाई तू, तू कशी फसलीस? अहो, आमच्या अण्णांनी दारात आलेल्या एजंटला कधी नाही म्हटलं नाही. कपाटात पिशवीभर पावत्या आहेत, निम्म्या पॉलिसी दोन-तीन हप्ते भरून सोडलेल्या. त्यात अशी एखादी नसेलच, हे छातीठोकपणे कोण सांगणार? आणि दहा वर्षं कुणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, हा नियम खराच आहे. त्या माणसाने खऱ्या नियमाला खोटं शेपूट जोडलं.

आधी फाइल चार्ज 4,850. मग व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचं पत्र: 18 टक्के जीएसटी आगाऊ भरा, 1,15,560. यूपीआयने एका दिवसात लाखाच्या वर जाईना, म्हणून 1,00,000 रात्री पाठवले आणि 15,560 सकाळी. मधली ती अख्खी रात्र मला अजून छळते. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं होतं, आडनावासकट. सरकारी कार्यालयाचे पैसे कुणा बाईच्या खात्यात कसे? मी विचारलंही. ‘त्या आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत,’ म्हणाला. आणि जीएसटी! तो लागायचा हप्त्यावर, दाव्याच्या रकमेवर कधीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तर वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरही शून्य आहे. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण त्या दिवसांत आई जेवत नव्हती, घरात माणसांची ये-जा, फॅमिली पेन्शनचे कागद अर्धवट. अशा वेळी आवाजात आदर ठेवून ‘ताई, तुमच्या वडिलांच्या कष्टाचे पैसे आहेत’ म्हणणारा माणूस खरा वाटतो. ते लोक हीच वेळ गाठतात.

टीडीएसचे 32,100 मागितले तेव्हा पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, कर असेल तर रकमेतून कापतील ना, आधी कशाला मागतील?’ पायाखालची जमीन सरकली.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन केला. तुम्हीही सगळ्यात आधी तेच करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तर ते गोठवता येतात. पण त्यानंतर जे भोगलं ते फसवणुकीपेक्षा वाईट. बँकेत ऐकवलं, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?’ पोलीस ठाण्यात गेले तर साहेब सिंहस्थाच्या बैठकीला. दुसरे म्हणाले, खातं दिल्लीकडचं आहे, इथे गुन्हा कसा घेणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, 1 जुलै 2024 पासून लागू, स्पष्ट सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यायची आणि प्रत फिर्यादीला मोफत द्यायची. मी कलमाचा कागद पुढे ठेवला. ‘मॅडम, शिकलेल्या दिसता, मग फसलात कशा?’ हे उत्तर मिळालं. अर्ज घेतला, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. गुन्हा अजून नोंदलेला नाही. नॉमिनी म्हणून नाव लागलेलं असताना माझ्या आईकडे वारस दाखला मागणाऱ्या बँका त्या बाईचं खातं कुठल्या कागदांवर उघडतात, हे मला कुणीतरी सांगावं. नॉमिनी असेल तर तो दाखला मागता येत नाही, रिझर्व्ह बँकेचीच तशी सूचना आहे. काउंटरवर तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका, लेखी मागा.

निधन वार्तेत मोबाइल नंबर देऊ नका. मृत्यूचा दाखला, आधार, रद्द केलेला चेक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका. मी पाठवले आणि आता आईच्या खात्यावर डोळा ठेवून बसले आहे. पॉलिसी शोधायचीच असेल तर विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर दावा न झालेल्या रकमा नाव टाकून बघता येतात, जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, दोन्हीला एक पैसा लागत नाही. गेलेलं माणूस पंचावन्नच्या आतलं असेल तर पासबुकात 436 रुपयांची नोंद शोधा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या हप्त्याची, नॉमिनीला 2 लाख मिळतात. त्यासाठी तुम्हाला कुणीही फोन करणार नाही.

परवा आणखी एकाचा फोन आला. गेलेले पैसे परत काढून देतो म्हणाला, नोंदणी फक्त 2,500. तो नंबरही तक्रारीत जोडला आहे.