बडोद्याच्या रावपुऱ्यातला आया ब्युरो: पाचपैकी अडीच तारे

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आणायच्या दिवशीच दिवसपाळीची बाई हवी झाली. दांडिया बाजारातल्या ओळखीतून या ब्युरोचा नंबर मिळाला. नाव देत नाही, कारण शेजारणीच्या ब्युरोचं रेटकार्ड पाहिलं तर तेही असंच निघालं.

आधी चांगलं. सकाळी फोन केला, दुपारी बाई दारात. आधार आणि पोलीस व्हेरिफिकेशनची झेरॉक्स न मागता हातात दिली. बाई म्हणजे छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या कवांटकडची राठवा आदिवासी मुलगी, पंचविशीची. स्पंजिंग, बेडपॅन, कूस बदलणं, वॉकर धरून चालवणं, सगळं हातचं. आमच्या सासूबाईंना ‘आजी’ म्हटलेलं खपत नाही, ‘आईसाहेब’ लागतं. पोरीनं तेही पहिल्याच दिवशी उचललं. या कामाला पाच तारे.

आता पैसे. बाईचे दिवसाला 650, वॉर्डबॉयचे 850. का, तर ‘पुरुष वजन उचलतो’. होळीला ती गेरच्या मेळ्यासाठी गावी गेली तेव्हा वॉर्डबॉय आला. सत्तर किलोच्या सासूबाईंना ती एकटी खुर्चीत बसवायची. हा पहिल्याच खेपेला म्हणाला, “मासी, जरा त्या बाजूनं धरा ना.” नंतर दोन दिवस शहरातल्याच कारेलीबागेची एक बाई आली. दोघी भेटल्यावर बोलल्या, तेव्हा कळलं की माझ्या 650 मधले कवांटच्या पोरीला 400 मिळतात आणि कारेलीबागेच्या बाईला 450. काम तेच, तास तेच.

मालकांना विचारलं. म्हणाले, “बेन, ती गावची, तिचा खर्च किती? आणि काम म्हणजे काय, सोबतच तर करायची!”

ही ‘सोबत’ मी आधीही ऐकली होती. माझी भाची ह्यूस्टनला असते, तिच्या सासऱ्यांना सांभाळायला होंडुरासची बाई येते. भाचीनं सांगितलं, तिकडे 1938 च्या किमान वेतनाच्या कायद्यात घरकामवाल्या नव्हत्याच. 1974 मध्ये आल्या, पण म्हाताऱ्यांना ‘सोबत’ करणाऱ्या वगळल्या. एजन्सीमार्फत जाणाऱ्यांसाठी ती पळवाट बंद करणारा नियम 2015 मध्ये लागू झाला. समान वेतनाचा कायदा मात्र 1963 पासून आहे. तरी 2023 च्या जनगणना विभागाच्या आकड्यांत पूर्णवेळ राबणाऱ्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या बाईच्या हाती गोऱ्या, बिगर-हिस्पॅनिक पुरुषाच्या एका डॉलरमागे साधारण 58 सेंटच पडतात. बाई म्हणून एकदा कापलं, लॅटिना म्हणून दुसऱ्यांदा. माझ्याकडच्या पोरीचंही गणित असंच: बाई म्हणून एक कात्री, कवांटची म्हणून दुसरी. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा 1976 चा, आता तो 2019 च्या वेतन संहितेत गेला. त्यातलं कलम स्त्री-पुरुष भेदाबद्दल आहे. कवांट आणि कारेलीबाग यांच्यातल्या पन्नास रुपयांबद्दल त्यात अक्षर नाही.

मी हे सगळं मालकांपुढे मांडलं (निवृत्त बँकवालीला हिशेब मांडायला निमित्तच लागतं). त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ठीक आहे बेन, तुम्हाला रोजचे पन्नास कमी करतो.” मला! मी म्हटलं, ते पन्नास तिला द्या. तर म्हणे, “एकीला वाढवले की सगळ्या मागतील.” एवढंच खरं बोलले.

फॉर्मवर छापलंय, बाईला परस्पर पैसे देऊ नयेत. मी दर शनिवारी देते, आणि वहीत तिची सही घेते.

बाई ठेवणार असाल तर दर विचारताना तिच्या हातात किती पडतात तेही विचारा, शक्यतो तिच्यासमोर. बदली बाई त्याच दिवशी मिळते, हे खरं. रजिस्ट्रेशनचे पाचशे परत मिळत नाहीत आणि रविवारी फोन कुणी उचलत नाही.