फोर्ज्ड म्हणून घेतलेली सात हेड जस्ताची निघाली, गोल्फचं सामान मागवणाऱ्यांनी जरा वाचा

आधीच सांगतो, मी काय मोठा गोल्फर नव्हे. बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे, दोन लेथ, एक मिलिंग, बस्स. गोल्फ आला तो सुभेदारकाकांमुळं. आमच्याच गल्लीत राहतात, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, नोकरीत साहेबांच्या मागनं बॅग घेऊन फिरता फिरता स्वतःच खेळायला शिकले. 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्या गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या घुसला होता बघा, आजूबाजूच्या शाळा बंद, शिमोग्याजवळच्या सकरेबैल कॅम्पचे हत्ती आणलेले, सगळं बेळगाव तेच बोलत होतं, तेव्हा काकांचं खेळणं बंद पडलं आणि घरात बसून कंटाळा आला म्हणून त्यांनी आख्खी बॅग माझ्या शेडात आणून टाकली. "सात नंबरचं हेड हलालंय, बघ की जरा." हेड म्हणजे क्लबचं बॉलला लागणारं डोकं, शाफ्ट म्हणजे दांडा. बघितलं तर आधी कुणीतरी शाफ्टला दोरा गुंडाळून वर गोंद थापलेला. ते सगळं खरवडून काढलं, आत-बाहेर साफ केलं, इपॉक्सी भरून 24 तास उभं ठेवलं. त्या दिवसापासनं जो नाद लागला तो लागलाच. ग्रिप बदलणं, शाफ्ट अर्धा इंच कमी-जास्त करणं, 14 इंचावर टेकू देऊन स्विंगवेटचा, म्हणजे क्लब फिरवताना हेडकडं किती जड लागतो ते मोजायचा, काटासुद्धा मी शेडातच बनवला. बायको म्हणते एवढं लक्ष धंद्यात दिलं असतं तर तिसरा लेथ आला असता.

तर गेल्या वर्षी काकांच्या मुलानं पुण्याहनं 45 हजार पाठवले. बाबांना पंच्याहत्तरीला नवीन सेट करून द्या, तयार डबाबंद नको, त्यांच्या मापाचा पाहिजे. चार नंबरपासनं पिचिंग वेजपर्यंत सात आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या हेडचे क्लब. मला काय, आनंदच झाला.

हेड आणि शाफ्ट शोधताना व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर हा माणूस भेटला. जपानात ह्योगो प्रांतात इचिकावा म्हणून गाव आहे, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, आयर्नसाठी नावाजलेलं, हे खरंच आहे. हा म्हणाला तिथलाच माल, सॉफ्ट कार्बन स्टील, एस20सी ग्रेड, एका दुकानाचा उरलेला स्टॉक, 38,500 ला सात हेड आणि सात शाफ्ट. स्वस्त होतं, खरं इतकंही स्वस्त नव्हतं की शंका यावी. तिथंच तर गंमत आहे. 10 हजार सांगितले असते तर मी हसून सोडून दिलं असतं.

आणि बोलणं काय त्याचं! पैशाचं नावच नाही. पहिला प्रश्न, खेळणाऱ्याची उंची किती, सरळ उभं राहून मनगटापासनं जमिनीपर्यंत अंतर किती, आत्ता सात नंबरनं बॉल किती यार्ड जातो, हँडग्लोव्ह कुठल्या साइजचा. मी काकांना शेडात उभं करून टेप लावून मापं घेतली. मग तो म्हणाला, यांना अर्धा इंच लांब शाफ्ट लागणार, लांबी वाढली की स्विंगवेट तीन पॉइंट चढतं, म्हणून मी तुम्हाला 6 ग्रॅम हलकी हेड निवडून देतो, म्हणजे परत डी2 ला, नेहमीच्या स्विंगवेटला, बसेल. हे सगळं बरोबर आहे हो, शंभर टक्के बरोबर आहे. बेळगावात माझ्याशी या विषयावर बोलणारं कुणी नाही, शेडातली पोरं मला वेड्यात काढतात, आणि हा माणूस 40 मिनिटं फोनवर स्विंगवेट बोलालाय, वर "सर आप तो बिल्डर आदमी हो" म्हणून चढवालाय. मी विरघळलो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला, हिरव्या मॅटवर सात नंबरचं हेड, शेजारी काटा, 264 ग्रॅम. पैसे पाठवले यूपीआयनं.

आठ दिवसांनी वेगळ्याच नंबरवरनं फोन, पार्सल मुंबई कस्टममध्ये अडकलंय, 6,200 भरा, नाहीतर परत जाईल. ते पण भरले. कस्टमची ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नसते, बिल ऑफ एंट्री नावाचा कागद असतो, कुरिअर कंपनी रीतसर पावती देते. एवढंच काय, त्यानं पाठवलेल्या बिलावर पत्ता मुंबईचा आणि जीएसटी नंबर 07 नं सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27, आपला कर्नाटकचा 29. दर महिन्याला जीएसटीची बिलं मी स्वतःच्या हातानं करतो आणि मला हे दिसलं नाही! पार्सलवरचं लेबल पण दिल्लीचंच. तेव्हा मला वाटलं, येताना दिल्लीवरनं आलं असेल. माणसाला जे पाहिजे असतं तेच तो वाचतो बघा.

माल हातात आला तेव्हा काट्यावर ठेवला, वजन बरोबर. इथं लक्ष द्या, वजनावर जाऊ नका. जस्त स्टीलपेक्षा हलकं असतं, म्हणून त्याच वजनाचं हेड करायला जाड करावं लागतं. सोल, म्हणजे हेडचा तळ, मला जाड दिसलेला, आणि मी म्हटलं वयस्कर माणसाला जाड सोल बराच. शाफ्ट घालून बघितला तर आत खुळखुळ. व्हर्नियर लावला, शाफ्टचं टोक 9.0 मिमी आणि भोक 9.4. म्हणजे टेपर टिपचा (टोकाला निमुळता) शाफ्ट आणि पॅरलल टिपचं (सरळ टोकाच्या शाफ्टचं) भोक, दोघांचा एकमेकाशी संबंधच नाही. शहाण्या माणसानं तिथं थांबायचं. मी काय केलं? लेथवर पितळेची बारीक बुशं वळली, सातच्या सात, आणि वर खूष झालो की कसलं बारीक काम जमलंय. स्वतःची फसवणूक स्वतःच्याच मशीनवर फिनिश करून घेतली.

मग लाय अँगल, म्हणजे सोल जमिनीला टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो ते. सोलला टेप चिकटवून काकांना फळीवरनं बॉल मारायला लावले, खूण हेडच्या टोकाकडं आली, म्हणजे क्लब त्यांना चपटा पडालाय, 2 डिग्री उभा करायला पाहिजे. फोर्ज्ड हेड असलं की हे सोपं काम, सॉकेटला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीला, बार लावायचा आणि बेतानं रेटायचं, मऊ स्टील निमूट वाकतं. हेड मी जिगमध्ये पितळी पट्ट्या लावून घट्ट धरलं, बार चढवला, रेटलं. थोडं अजून रेटलं.

कट्ट.

सॉकेट बारसकट माझ्या हातात आलं. तुटलेली बाजू करडी, रव्यासारखी दाणेदार, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी दोन-तीन भोकं. क्रोमचा थर वरनं सालपटासारखा सुटलेला. आमच्या शेडातलं 19 वर्षाचं पोरगं मागनं वाकून बघालतं, म्हणालं, "दादा, हे कार्बोरेटरचं मटेरियल हाय की!" हो. झिंक डायकास्टिंग. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड हाताशीच होता, तो उरलेल्या सहाही हेडला लावून बघितला, एकालाही चिकटला नाही. कार्बन स्टील म्हटल्यावर चुंबक असा टपकन बसायला पाहिजे. कानस मारली तर दात भरून गेले. अर्धा मिनिट लागला हे सगळं कळायला, आणि तो स्टँड माझ्या बेंचवर पार्सल आलं त्या दिवशी पण होता.

नवीन माणसांसाठी एवढं सांगून ठेवतो, चुंबक बसला म्हणजे फोर्ज्डच असं काही नाही, कास्ट केलेल्या स्टेनलेस आयर्नला पण चुंबक बसतो. खरं नाहीच बसला तर कार्बन स्टील नव्हे हे पक्कं. ड्रायव्हरचं उलटं, टायटॅनियमच्या हेडला चुंबक बसता कामा नये.

पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं झोप आली नाही. लाय चेक न करता मी तो सेट तसाच दिला असता आणि काकांच्या स्विंगमध्ये ते सॉकेट तुटलं असतं तर पाव किलोचं हेड कुणाच्या डोक्यात गेलं असतं?

त्या माणसाला फोन लावला, बंद. चॅट उघडलं तर निम्मं गायब, त्यानं पहिल्याच दिवशी 7 दिवसात मेसेज आपोआप जातील असं सेटिंग लावलेलं, व्हिडिओ तेवढा मी सेव्ह केलेला म्हणून राहिला. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा पैसे पाठवून 19 दिवस झालेले. पलीकडच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खात्यात अडवता येतात, आता पुढं फिरले असणार. पोलिसांत तक्रार दिली, माझं शिक्षण मराठीतनं, कन्नड बोलतो पण लिहिता येत नाही, मित्राकडनं अर्ज लिहून घेतला. तिथल्या हवालदारांनी तुटकं हेड हातात फिरवून विचारलं, "एन री इदु, हॉकी स्टिक एनु?" (काय हो हे, हॉकी स्टिक काय?) अर्धा तास मी त्यांना गोल्फ समजावत बसलो. माणूस बरा होता, सगळं लिहून घेतलं. पैसे अजून आले नाहीत.

पुण्याचे 45 हजार मी खिशातनं परत केले. काकांचा मुलगा नको म्हणत होता, काका स्वतः नको म्हणत होते, "सोड रे, आर्मीत याहून मोठे चोर बघितलेत." तरी दिले. काका सध्या जुन्याच सेटनं खेळालेत, नवीन ग्रिप तेवढ्या घालून दिल्या.

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 34 हजार. तोच हिरवा मॅट, काट्याच्या डाव्या कोपऱ्याला तोच तडा, सात नंबरचं हेड आणि आकडा 264. काकांच्या मापानं खास निवडलेलं 264! मी दुसऱ्या नंबरवरनं मेसेज टाकला, माल आवडला, फक्त हेडला चुंबक लावून एक व्हिडिओ पाठवा. दोन निळ्या टिका आल्या, आणि पाच मिनिटांत ब्लॉक.