घरी बनवलेला सहा चॅनेलचा मिक्सर : आठ महिन्यांनंतर

स्वतः डिझाइन करून झाळलेला हा मोनो (एकाच आउटपुटचा), लाइन लेव्हलचा (कीबोर्ड, लॅपटॉप देतात तेवढ्या ताकदीच्या सिग्नलचा) ऑडिओ मिक्सर, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणारं यंत्र, गेले आठ महिने जवळजवळ रोज चालू आहे. दोन माइक (त्यांचा क्षीण सिग्नल वाढवणारे प्रीॲम्प वेगळे), कीबोर्ड, लॅपटॉप आणि दोन चॅनेल गरजेपुरती. आज रात्री हेडफोन लावून सगळे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली ओढले की काहीच ऐकू येत नाही. सुरुवातीला मात्र सतत बारीक फुसकारा यायचा, आणि त्याचं मूळ मी बराच काळ भलतीकडेच शोधत होते.

पहिल्या मांडणीत टीएल ०७२ (ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारा आयसी) आणि मिक्सिंगला सगळे १०० किलोओहमचे रेझिस्टर होते. आवाज येतोय म्हणजे आयसी बदलायला हवा, म्हणून एनई ५५३२ बसवला. फरक जेमतेम जाणवला आणि मी खट्टू झाले. मग कागदावर हिशोब मांडला. प्रत्येक चॅनेलचा गेन (सिग्नलची वाढ) १ असला तरी समिंग ऑपॅम्पचा, म्हणजे सहाही चॅनेल एकत्र करणाऱ्याचा, स्वतःचा नॉइज १ + ६, म्हणजे ७ पट होऊन बाहेर पडतो. जवळपास १७ डीबी. वर १०० किलोओहमच्या रेझिस्टरचा थर्मल नॉइजच (उष्णतेमुळे येणारा) सुमारे ४० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (नॉइज मोजायचं एकक), तोही एकेका चॅनेलमागे. त्याच एककात टीएल ०७२ चे १८ जाऊन ५५३२ चे ५ आले, पण त्या रेझिस्टरपुढे ते कुठे दिसणार? नुसत्या आयसीने साधारण २ डीबी मिळतात. रेझिस्टर १० किलोओहमचे केले (त्यांचा नॉइज १३ च्या आसपास) तेव्हा २० किलोहर्ट्झपर्यंतचा एकूण नॉइज सुरुवातीच्या २३ मायक्रोव्होल्टवरून ७ वर येतो. कानालाही तो फरक लगेच कळला.

दुसरी गोष्ट तिथेच दडलेली होती. फेडर शून्यावर असला तरी त्या चॅनेलचा रेझिस्टर मिक्सिंगच्या बसला (सगळी चॅनेल जिथे मिळतात त्या तारेला) जोडलेलाच राहतो, म्हणजे गप्प चॅनेलही नॉइज वाढवतं. आता प्रत्येक रेझिस्टरच्या आधी स्विच आहे. दोनच चॅनेल लागत असतील तर बाकीची तोडून टाकते. ७ पटीचे ३ पट होतात. स्विचच्या आधीच्या कपॅसिटरला १०० किलोओहमने ग्राउंड दिला नाही तर दर वेळी स्पीकरमध्ये ठक् होतं, ते विसरू नका. आणि रेझिस्टर स्विचपाशी नाही, ऑपॅम्पच्या पिन २ ला चिकटून लावा. बसची तार लांबली की ती अँटेना होते.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते स्पीकरमधल्या घुमण्याने. ५० हर्ट्झच्या विजेवर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) आवाज १०० हर्ट्झचा, जरा करकरीत येतो. माझा तसाच होता. फिल्टर कपॅसिटर भरताना जे करंटचे झटके जातात, ते ऑडिओच्याच ग्राउंडमधून जात होते. दोन्ही मोठ्या कपॅसिटरचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाचा जोड आधी वेगळा केला, तिथून एकच तार स्टार पॉइंटला (सगळे ग्राउंड जिथे एकत्र येतात तिथे) नेली, आणि त्या क्षणी घुमणं थांबलं. तीन संध्याकाळी ज्याच्यामागे गेल्या, ती एका तारेची जागा होती!

तिसऱ्या महिन्यात फेडर हलवताना खरखर सुरू झाली. धूळ समजून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन दिवस बरं वाटलं. खरं कारण ५५३२ चा बायस करंट (ऑपॅम्पच्या इनपुटला लागणारा बारीक करंट, साधारण २०० नॅनोॲम्पिअर): तो थेट पॉटच्या (फेडरमधल्या बदलत्या रेझिस्टरच्या) सरकत्या टोकातून वाहत होता. मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० किलोओहम घातल्यापासून पाच महिने फेडर रेशमासारखे चालतात.

पॉवर सप्लायबद्दल तक्रार नाही. ७८१५ आणि ७९१५ (+१५ आणि −१५ व्होल्टचे रेग्युलेटर) सात आयसींना पुरतात, थोडे कोमट होतात एवढंच. प्रत्येक आयसीच्या पायाशी १०० नॅनोफॅरड आहेच.

राहिलेली एक अडचण लॅपटॉपच्या चॅनेलची. चार्जर लावला की ग्राउंड लूपमुळे (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याने) गुणगुण यायची, म्हणून तिथे एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला. गुणगुण गेली, पण ट्रान्सफॉर्मर लहान आहे. जोरात लावलं की खर्जाचे स्वर चेपले जातात. मोठा कोअर असलेला शोधतेय. तोवर त्या चॅनेलची पातळी ६ डीबी कमी ठेवून काम भागवते आहे.