गळती शोधायचा यूव्ही रंग: ८,४०,००० किलोमीटर पळालेल्या इंजिनात घालून पाहिला

गाडी दहा चाकी, इंजिन सहा सिलिंडरचं टर्बोवालं, मीटरवर ८,४०,००० किलोमीटर. एवढं पळालेल्या इंजिनाला थोडा घाम यायचाच, असं म्हणून मी बरेच दिवस डोळेझाक केली. पण घाम वेगळा आणि गळती वेगळी. हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल वरून टाकावं लागू लागलं, तेव्हा एकदा हिशेब मांडला. मिलिलिटरला साधारण २० थेंब धरले, तर लिटरचे २०,००० थेंब. म्हणजे किलोमीटरला २०. धुराला निळी झाक नव्हती, त्यामुळे इंजिन ऑइल खात असलंच तर फार थोडं. बाकीचं सगळं रस्त्यावर सांडत होतं.

थेंब पडायचा क्लच हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या, तळाच्या भोकातून. हे नुसतं ऐकलं तरी नव्वद टक्के मिस्त्री वाकून न बघता सांगतात, "मागचं सील गेलं." मलाही तेच सांगितलं. गिअरबॉक्स उतरवला, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील बदललं, गाडी दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तोच थेंब, त्याच भोकातून. विचारलं तर उत्तर मिळालं, "नवीन सील आहे, बसायला वेळ लागतो." सील म्हणजे काय नवी चप्पल आहे, चार दिवस चावून मग मऊ पडायला? त्या वर्कशॉपचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी ठरवलं की आता स्वतः बघितल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही.

म्हणून यूव्ही रंगाचं हे पाकीट घेतलं. त्यात तीन नग येतात: ३० मिलिलिटरची रंगाची बाटली, जांभळ्या (यूव्ही) उजेडाची छोटी बॅटरी आणि पिवळा चष्मा. रंग इंजिन ऑइलमध्ये टाकायचा, इंजिन चालवायचं. ऑइल जिथून बाहेर पडेल तिथे रंगही पडतो आणि त्या बॅटरीच्या उजेडात पिवळसर हिरवा चमकतो. कल्पना साधी आहे आणि खरी आहे. पण पाकिटावरच्या सूचना ज्यानं लिहिल्या, त्यानं ट्रकचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, कधी पाहिलेलं नसावं.

पहिली गोष्ट मापाची. बाटली सुमारे ४ लिटर ऑइलसाठी असते. माझ्या इंजिनात २२ लिटर बसतं. एक बाटली टाकली तेव्हा काहीच दिसलं नाही, आणि मला वाटलं माल खोटा आहे. त्यात डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीनं लवकर काळं पडतं, आणि काळ्या ऑइलमध्ये रंगाची चमक दबते. शेवटी ऑइल बदलायची वेळ आलीच होती, तेव्हा नव्या ऑइलमध्ये पाच बाटल्या टाकल्या. मग मात्र दिसायला लागलं. तुमचं ऑइल जुनं असेल तर आधी ते बदला, त्यानंतर रंग घाला. नाहीतर रंग वाया जातो आणि शिव्या कंपनीला बसतात.

रंग टाकण्याआधी इंजिन धुवावं लागतं, आणि इथे मी स्वतःच घोळ घातला. ग्रीस घालवणारं द्रावण संपलं होतं, म्हणून कपडे धुवायची पावडर वापरली. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि हवेची वाट प्लॅस्टिकनं झाकून, इंजिन थंड असताना, व्यवस्थित धुतलं. रात्री बॅटरी मारली तर अख्खं इंजिन निळंपांढरं उजळलेलं! कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे द्रव्य घालतात, तेही याच उजेडात चमकतं. पुन्हा साध्या पाण्यानं दोनदा धुतलं. बरेचसे कूलंटही असेच चमकतात, त्यामुळे पाण्याच्या पंपाजवळ हिरवं दिसलं तर आधी बोट लावून बघा. ऑइल बोटाला चिकटून राहतं, कूलंट धुतलं जातं.

दुसरा घोळ माझ्या क्लीनरचा, म्हणजे गाडीवरच्या पोऱ्याचा. बाटली ओतताना ऑइल भरायच्या तोंडाशी चार थेंब सांडले. आम्ही दोघं रात्री पाऊण तास टॅपेट कव्हरवरची (इंजिनाच्या वरच्या झाकणावरची) ती "गळती" शोधत बसलो. मग तोच म्हणाला, "दादा, हे माझ्याच हातचं असंल." बोटांनाही रंग लागतो आणि सहज निघत नाही. ओतताना नरसाळं वापरा, हातमोजे घाला, आणि ओतून झालं की कव्हर चोख पुसा.

आता मुख्य काम. केबिन पुढे पाडली, खाली पुठ्ठा अंथरला. पाकिटावर लिहिलंय की इंजिन १० ते १५ मिनिटं चालू ठेवा. मी वीस मिनिटं ठेवलं. कोरडं ठणठणीत. उभ्या गाडीत ऑइल पुरतं तापत नाही, इंजिनवर ओझं येत नाही. माझी गळती भरल्या गाडीचीच होती. मग माल भरून ६० किलोमीटर जाऊन आलो. परत आलो तर इंजिनाचा मागचा अर्धा भाग हिरवागार, चेसिससुद्धा! पंख्याच्या आणि धावण्याच्या वाऱ्यानं ऑइल मागे उडतं, वजनानं खाली उतरतं. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे बघून काही कळत नाही. ओलाव्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधावी लागते. पुन्हा पुसलं, आणि या वेळी पाच किलोमीटरनंतर थांबून बघितलं, मग आणखी दहानंतर. या पाकिटाचा खरा उपयोग करायचा तर हा संयम हवा. कमी चालवलं तर काही नाही, जास्त चालवलं तर सगळीकडे हिरवं.

पंधराव्या किलोमीटरला, चढ संपल्यावर, तो दिसला. सहाव्या सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखालून, दोऱ्याएवढी हिरवी रेघ. ती हेडच्या पाठीमागून ब्लॉकवर उतरत होती, तिथून फ्लायव्हील हाउसिंगच्या कडेवर, कडेनं अर्धा वळसा घालून तळाच्या भोकापाशी. त्या भोकाची पत्री काढून आत बॅटरी मारली. आत ठार कोरडं. ज्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. जुनं सीलही बहुतेक चांगलंच असणार, पण ते भंगारात गेलं.

हेडची पाठ डोळ्यांनी दिसत नाही. दांडीचा छोटा आरसा जवळ ठेवा. तो पाकिटात नाही, असायला हवा होता.

बॅटरीबद्दल माझी तक्रार आहे. पाकिटातली ३९५ नॅनोमीटरची आहे. तिच्यातून डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडच इतका पडतो की बारीक रेघ त्यात बुडून जाते. एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून ३६५ नॅनोमीटरची आणून बघितली, तर जमीनअस्मानाचा फरक. चष्मा दिसायला खेळण्यातला वाटतो, पण तो घातल्यावर जांभळी झळ कापली जाते आणि हिरवं वेगळं उठून दिसतं. शिवाय त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघूच नये. आणि काम रात्रीच करा. दिवसा, सावलीत धरूनसुद्धा, मला काही दिसलं नाही. (क्लीनरनं तीच बॅटरी दगडांच्या ढिगावर फिरवली तर एक विंचू हिरवानिळा चमकताना दिसला. विंचू या उजेडात चमकतात हे मी ऐकून होतो, आता गाडीखाली झोपण्याआधी बॅटरी मारतो.)

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. जुनं लाकडासारखं कडक झालं होतं. जागा घासून कोरडी केली, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानं, सांगितलेल्या मापात आवळले. जोर लावून आवळलं की पॅकिंग पिळून बाहेर येतं आणि कव्हर वाकतं, मग गळती आयुष्यभराची. रेघ गायब झाली. मी खूश.

दहा दिवसांनी पुढच्या पुलीभोवती हिरवे शिंतोडे. आता पुढचं सील.

इथे या पाकिटाची हद्द संपते. ऑइल कुठून बाहेर आलं ते रंग सांगतो, त्याला बाहेर कोणी ढकललं ते सांगत नाही. एका मागून एक जागा फुटायला लागल्या तर पॅकिंग बदलत सुटण्यात अर्थ नसतो. चेंबरच्या आतला दाब बघावा लागतो. पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली उतरतोच, जुन्या इंजिनात जास्त. तो ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरचा गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेनं, बाहेर गेला पाहिजे. नाही गेला तर तो जिथे कच्चं सापडेल तिथून ऑइल ढकलतो.

पारदर्शक नळी घेतली, यूच्या आकारात फळीला बांधली, अर्धी पाण्यानं भरली आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडलं. गरम इंजिन, पूर्ण रेस: दोन्ही बाजूंच्या पाण्यात २६ सेंटीमीटरचा फरक. हे फार होतं. रिंगा गेल्या असतील या भीतीनं पोटात गोळा आला. पण रिंगांवर जाण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, एअर कॉम्प्रेसर, म्हणजे टाक्यांमध्ये हवा भरणारा पंप: तो झिजला की त्याची हवा ऑइलच्या परतीच्या वाटेनं चेंबरमध्ये येते. गाडी उभी करून, चाकांना ओट (अडसर) लावून, टाक्यांमधली हवा सोडून त्याचा बाहेरचा पाइप काढला आणि पुन्हा मोजलं. पाणी तिथेच, म्हणजे कॉम्प्रेसर निर्दोष सुटला. दुसरी, ब्रीदर. त्याचा होज (रबरी नळी) बाहेरून ठीक होता. कापून बघितला तर आतला थर ऑइलनं फुगून मिटलेला, करंगळीही जात नव्हती. जाळीत डांबरासारखा चिखल. होज नवा, जाळी धुतली, पुन्हा पाणी: ४ सेंटीमीटर. प्रत्येक इंजिनाची मर्यादा वेगळी असते, आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. माझं मर्यादेच्या आत आलं.

पुढचं सील तरीही बदलावं लागलं, कारण क्रँकवर त्याच्या ओठानं चर पाडली होती. पातळ स्लीव्ह चढवून नवं सील बसवलं. ते टेफ्लॉनचं होतं, असलं सील कोरडंच बसवायचं असतं. सवयीनं मी ऑइलचं बोट पुढे केलं होतं, सीलच्या पाकिटावरचं वाचलं म्हणून वाचलो.

तर घ्यावं का? गळती पुढच्या बाजूला, हात पोहोचेल अशी आणि एकच असेल तर नको. इंजिन धुवून, वाळवून, थंड असताना टाल्कम पावडर मारा. ओला पट्टा उमटतो. थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन आधी तो इंजिन ऑइलचाच आहे ना तेही बघा: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, पॉवर स्टिअरिंगचं बहुतेक लाल. पण मागची बाजू, अनेक वर्षांचा चिकटा आणि समोर "सील गेलं" म्हणणारा मिस्त्री, असं जमलं असेल तर हा रंग गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. रंग आणि चष्म्याला पाचपैकी चार, बॅटरीला दीड, सूचनांच्या कागदाला शून्य.

आता वरून ऑइल टाकायची गरज गेल्या ५,००० किलोमीटरमध्ये पडलेली नाही. ऑइल फिल्टरच्या हेडपाशी तिळाएवढा एक हिरवा ठिपका मात्र आहे. फिल्टर बदलेपर्यंत त्याला हात लावणार नाही. त्याच्याभोवती खडूनं गोल काढून ठेवलाय आणि दर आठवड्याला रात्री बॅटरी मारतो. खडूच्या रेघेला तो अजून टेकलेला नाही.