जुनी स्विफ्ट ठेवावी की थ्रीएक्सओ घ्यावी?

दारात 2009-10 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, इंजिन अजून कुरकुरत नाही, आणि घरचे मात्र एसयूव्हीच्या मागे लागलेत. पर्याय म्हणून महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ धरू. ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनते, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच.

गावात स्विफ्टला तोड नाही. थ्रीएक्सओची लांबी चार मीटरच्या आतच आहे, पण रुंदी 1.82 मीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षा जवळपास 13 सेंटीमीटर जास्त. कागदावर हे किरकोळ वाटतं. भद्रकालीत समोरून छोटा हत्ती आला की कळतं! रविवार कारंजा, पंचवटीतल्या गल्ल्या, कॉलेज रोडची पार्किंग ही सगळी लहान गाडीची ठिकाणं. शिवाय स्विफ्टचं काम कोणत्याही गॅरेजवाल्याला येतं आणि पार्ट स्वस्तात मिळतात.

हायवेवर चित्र पालटतं. त्या काळच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). थ्रीएक्सओला सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी आहे, भारत एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत. ईएससी म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा. पावसाळ्यात, धुक्यात कसारा घाट उतरणाऱ्याला तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईला जाताना अनेकजण समृद्धीच धरतात. तिथे कारला ताशी 120 ची मुभा आहे. मागे मुलं बसवून जुन्या स्विफ्टमध्ये तो वेग मी तरी गाठणार नाही. टोल दोन्ही गाड्यांना सारखाच.

आई-वडिलांच्या गुडघ्यांचाही विचार करा. स्विफ्टमध्ये खाली वाकून बसावं लागतं, उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. उंच सीटवर हा त्रास बराच कमी होतो. वणीला सहकुटुंब जाणाऱ्यांना डिकीतला फरकही जाणवेल.

पैशाचा हिशेब सरळ नाही. स्विफ्टला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आलं, पर्यावरण कर आला. एप्रिल 2023 आधीच्या बहुतेक गाड्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, म्हणून रबरी नळ्या तपासत राहावं लागतं. पण हा सगळा खर्च धरूनही तो नव्या गाडीच्या हप्त्यांच्या जवळपास जात नाही. उलट बाजूला, सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे. क्रेटासारख्या मोठ्या गाडीला 40. थ्रीएक्सओ 18 मध्ये बसते.

महिन्यातून एखाद्या वेळीच शहराबाहेर पडत असाल, तर टायर नवे टाका आणि स्विफ्ट चालवा. दर आठवड्याला कुटुंबासह घाट उतरत असाल, तर माझं मत थ्रीएक्सओला. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावर उरकू नका. आईला मागे बसवा आणि गाडी तुमच्या सोसायटीच्या गेटमधून, पार्किंगमधून फिरवून आणा.

स्विफ्ट विकलीत, तर आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती जपा, फास्टॅगही बंद करा. नाहीतर ई-चलन तुमच्याच मोबाइलवर येत राहील.